अर्ध्या किलोचं एक टमाटर: विदर्भातल्या परसात जुनी मोठी वाणं कशी घ्यायची

आधी तारीख, मग बाकी सगळं. आपल्याकडे मोठं टमाटर होतच नाही असं जे लोक म्हणतात त्यांचं बहुतेक वेळा खतही चुकलेलं नसते अन पाणीही नाही, त्यांची लावणीची वेळ चुकलेली असते. बाजारातलं हायब्रीड रोप लावल्यापासून ६०-६५ दिवसांत फळ देते, पण ही जुनी मोठ्या फळाची वाणं ८० ते ९० दिवस घेतात, काही तर त्याच्याही वर, आणि आपल्या विदर्भात उन्हाळा कोणासाठी थांबत नाही. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त तारखांवर अन पाण्यावर लिहिणार आहे, कारण मोठं फळ तिथंच बनते नाहीतर बिघडते.

उन्हापासून उलटं मोजा

टमाटराचं फूल लय नाजूक. दिवसाचं ऊन ३५ अंशाच्या वर गेलं किंवा रात्रच २२-२४ अंशाच्या वर राहू लागली की परागकण निकामी होतात, फूल देठासकट गळून पडते, फळ धरतच नाही. आणि उलट बाजूनं, डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदियाकडे रात्री ८-१० अंशावर येतात तेव्हाही फळधारणा थांबते, अन जी फळं धरतात ती वाकडीतिकडी, चुणीदार, खालून फाटल्यासारखी होतात. म्हणजे आपल्याकडे फूल धरायला दोनच चांगल्या खिडक्या: एक ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत, आणि दुसरी जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मोठं फळ धरल्यापासून पिकायला साधारण दीड ते दोन महिने घेते, मग नोव्हेंबरचं फळ जानेवारीत हातात अन फेब्रुवारीत धरलेलं मार्च अखेरीस. त्यानंतर फुलं आली तरी त्यांच्यावर जीव लावू नका.

हे हिशोबात धरून बी टाकायचं पोळ्याच्या आगंमागं, म्हणजे ऑगस्टचा दुसरा पंधरवडा. रोप २५-३० दिवसांत तयार होते, लावणी घटस्थापना ते दसऱ्याच्या दरम्यान, पाऊस परतीला लागला की. मी सांगीन दुसरी बॅचही टाका, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थोडं बी, ते रोप नोव्हेंबरच्या सुरुवातीला जमिनीत जाते आणि दुसऱ्या खिडकीत भरात येते. पहिल्या बॅचला परतीच्या पावसानं किंवा पांढऱ्या माशीनं मारलं तर वर्ष वाया जात नाही.

जूनमध्ये पहिल्या पावसावर लावायची सवय आहे आपल्याला, पण या वाणांसाठी ती सोडा. पावसाळ्यात काळ्या मातीत मुळं गुदमरतात, पानांवर चट्टे पाडणारा करपा रोग येते, आणि ही जुनी वाणं रोगाला हायब्रीडसारखी टणक नसतात.

वाण कोणतं

जुनं वाण म्हणजे ज्याचं बी धरून पुन्हा पेरलं तर तसंच झाड अन तसंच फळ येते. हायब्रीडच्या फळातलं बी पेरलं तर पुढच्या पिढीत दहा तऱ्हेची झाडं निघतात. आपल्या गावरान टमाटरातही असं चपटं, खाचा-खाचाचं, आंबट, पातळ सालीचं फळ असायचं ज्याला आपल्याकडच्या बाया आजही भेदरं म्हणतात, अन एखाद्या म्हातारीकडे त्याचं बी असलं तर पहिलं ते मागून आणा. आपल्या हवेत पिढ्यानपिढ्या टिकलेलं बी कोणत्याही पाकिटापेक्षा भरवशाचं. फळ अर्ध्या किलोचं नसेल, पण चटणीला तसं दुसरं नाही.

बाहेरच्या मोठ्या वाणांत सगळ्यात नावाजलेलं ब्रॅंडीवाइन. गुलाबी, बटाट्यासारख्या पानाचं, फळ चारशे-पाचशे ग्रॅमचं, चव अप्रतिम, पण उशिरा येणारं आणि उन्हाला नाजूक, म्हणून पहिल्याच वर्षी सगळी जागा त्याला देऊ नका. चेरोकी पर्पल आपल्याला जास्त मानवते, फळ अडीचशे-तीनशे ग्रॅमच्या आसपास, रंग जांभळट-तपकिरी, साल अशी की पिकलं की नाही हे नवख्याला कळत नाही. हे बी अमेरिकेत टेनेसीतून १९९० मध्ये क्रेग लेहुलियर नावाच्या बागवानाकडे टपालानं आलं, त्यांनीच नाव दिलं अन पसरवलं. ब्लॅक क्रिम क्रिमियाकडचं, चवीला किंचित खारट. इटलीचं कॉस्टोलुटो जेनोव्हेसे खाचा-खाचाचं, आपल्या भेदऱ्याच्या जवळचं, ऊन त्यातल्या त्यात बरं सोसते.

मॉर्गेज लिफ्टरची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणारा एक माणूस, लोक त्याला रेडिएटर चार्ली म्हणायचे, त्यानं मोठ्या फळाच्या झाडांचे वर्षानुवर्षे हातानं संकर करून हे वाण स्थिर केलं, आणि एक-एक रोप एक-एक डॉलरला विकून सहा वर्षांत घराचं सहा हजार डॉलरचं कर्ज फेडलं, म्हणून नाव असं. फळ चारशे ग्रॅमपासून सुरू होते अन झाड मनावर घेतलं तर किलोच्या जवळ जाते.

पहिल्या वर्षी दोन झाडं चेरोकी पर्पल, दोन कॉस्टोलुटो किंवा गावरान, एक ब्रॅंडीवाइन, एवढं पुरे. बी देवाणघेवाणीतून मिळालं तर सगळ्यात चांगलं, नागपूरला बीजोत्सवात गावरान बियाणं सांभाळणारे लोक भेटतात, विचारून घ्या.

माती, म्हणजे काळी माती

आपली काळी माती श्रीमंत आहे पण टमाटराला तिच्यात दोन त्रास. एक, पाणी धरून ठेवते अन मग वाळली की भेगा पडून मुळं तोडते. दोन, चुनखडी जास्त, सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ, त्यामुळं लोह वगैरे मातीत असूनही झाडाला मिळत नाही आणि शेंड्याची पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात. इलाज एकच, गादीवाफा. एक फूट उंच, तीन फूट रुंद, लांबी जागेप्रमाणं. वाफ्यात पूर्ण कुजलेलं शेणखत सढळ हातानं, एका झाडामागं निदान दोन-तीन किलो, सोबत मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड अन थोडं गांडूळखत. कच्चं शेण टाकू नका, मुळं खाणारी हुमणी अळी येते. नुसती थोडी वाळू मिसळून काळी माती भुसभुशीत होईल असं समजू नका, उलट विटेसारखी बसते, सेंद्रिय खतच लागते.

आणि चुलीतली राख. बाकी ठिकाणी टमाटराला राख चांगली असं वाचायला मिळते, ते आंबट मातीसाठी. आपली माती आधीच त्याच्या उलट, चुनखडीकडं झुकलेली, वाफ्यात राखेचे ढीग घालू नका.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, राहत असाल तर जमिनीत लावण्यापेक्षा मोठ्या बॅगेत लावा, चाळीस-पन्नास लिटरची, आणि बोअरचं खारं पाणी न देता नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. तेलाच्या पंधरा लिटरच्या डब्यात हे झाड कधीच खुलत नाही.

मागच्या दोन-तीन वर्षांत जिथं वांगी, मिरची, आलू किंवा टमाटर होतं ती जागा टाळा. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी अन मर रोग तिथं बसलेले असतात आणि जुन्या वाणांना त्यांच्याशी लढायची ताकद कमी.

रोप

ट्रे असो की जुने चहाचे कप, कोकोपीट अन गांडूळखत अर्धं-अर्धं, बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल, त्याच्याखाली नाही. पाचव्या ते दहाव्या दिवशी उगवते. ऑगस्टमध्ये ढगाळ हवा असते, पाणी जास्त झालं की रोप मातीपाशी बारीक होऊन कोलमडते, म्हणून सकाळी एकदाच पाणी, अन मिश्रणात ट्रायकोडर्मा ही रोगाला दाबणारी बुरशी आधीच मिसळून ठेवा. उगवल्याबरोबर उजेडात आणा, सावलीत ठेवलं की काडीसारखं लांब होते.

आता महत्त्वाचं. आपल्याभोवती सगळी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. पऱ्हाटीवर ऑगस्ट-सप्टेंबरपासून पांढरी माशी असते, तीच माशी टमाटराला पानं गुंडाळणारा व्हायरस देते, आणि लहानपणी लागलेलं रोप पुढं कधीच मोठं फळ देत नाही. म्हणून रोपाचे ट्रे बारीक जाळीत ठेवायचे, चाळीस मेशची नायलॉन जाळी मिळते, ती नाही मिळाली तर जुनी मच्छरदाणी दुहेरी करून चारी बाजूनं मातीत दाबून टाका. एक महिन्याची ही काळजी पुढच्या सगळ्या फवारण्यांपेक्षा जास्त कामाची आहे. त्यातूनही एखादं रोप आखडलेलं, पानं वाटीसारखी वळलेली दिसलं तर दया न करता उपटून टाका.

लावणी

दोन झाडांत तीन फूट, दोन ओळींत चार फूट. जवळ लावू नका, ही झाडं सात-आठ फूट उंच जातात अन हवा खेळली नाही की करपा. टमाटराच्या खोडालाही मुळं फुटतात म्हणून खालची पानं काढून खोड जमिनीत गाडायचं, पण आपल्या जड मातीत सरळ खोल खड्डा करू नका, खाली थंड अन चिकट असते. वाफ्यात आडवी चारी करून रोप तिरपं झोपवा, शेंडा फक्त वर. दोन दिवसांत शेंडा आपोआप उभा होते. लावणी संध्याकाळी, आणि आधार त्याच दिवशी रोवून घ्या, नंतर रोवला तर मुळं तुटतात.

आधाराला पऱ्हाट्या-तुराट्या चालत नाहीत, फळाच्या वजनानं मोडतात. आठ फुटी जाडसर बांबू, दीड फूट जमिनीत. गडचिरोली-चंद्रपूर-मेळघाटाकडच्या लोकांना तर बांबूची कमीच नाही. बांधायला सुतळीपेक्षा जुन्या साडीची पट्टी बरी, खोड कापत नाही, आठाच्या आकड्यासारखा सैल फास द्या.

पान अन खोडाच्या बेचक्यातून जे फुटवे निघतात ते सगळे ठेवले तर झुडूप होते, सगळे काढले तर आपल्या उन्हात फळ उघडं पडते अन पांढरा चट्टा पडून भाजते. म्हणून दोन खोडं ठेवा, मुख्य खोड आणि पहिल्या फुलाच्या खालचा एक जोरदार फुटवा. बाकीचे बोटभर असतानाच सकाळी खुडा. जमिनीला टेकणारी पानं काढा, पण फळाच्या वरची पानं फेब्रुवारीत तर हात लावू नका, तीच त्याची छत्री. आणि खर्रा घोटून किंवा बिडी ओढून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, तंबाखूतला मोझॅक व्हायरस हातानं टमाटराला लागतो, ही खरी गोष्ट आहे.

पाणी

मोठ्या फळाचं बूड काळं पडून सडते ना, त्याला लोक कॅल्शियम कमी पडलं म्हणून चुना टाकतात, अंड्याची टरफलं पुरतात. कॅल्शियम कमी पडते हे खरं, पण आपल्या मातीत चुना भरपूर आहे, कमी पडते ते त्याला फळापर्यंत नेणारं पाणी. आठ दिवस कोरडं ठेवून नवव्या दिवशी पाट सोडला की बूड सडणार, आणि फळ पिकायला आलेलं असलं तर देठाजवळून फाटणार. मोठं फळ लहान फळापेक्षा कितीतरी जास्त फाटते.

तर ओल सारखी पाहिजे, जास्त नाही, सारखी. काळी माती वरून फसवते, वर भेगा अन खाली चिखल, म्हणून बोट दोन-तीन इंच घालून पाहा, बोटाला माती चिकटली तर आज पाणी नाही. ड्रिप असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर दोन झाडांमध्ये एक जुना मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा, वर झाकण, तो हळूहळू पाझरत राहते अन झाड लागेल तेवढं घेते. थंडीत चार-पाच दिवसांनी भरावा लागते, मार्चमध्ये दिवसाआड. पानावर पाणी मारू नका.

वाफ्यावर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, चार बोटं जाड पसरा, भंडारा-गोंदियाकडे धानाची तणस. खोडापासून चार बोटं दूर ठेवा, उधई (वाळवी) असली तर खोडाला लागते. भेगा बंद होतात, ओल टिकते, पावसाचे शिंतोडे उडून मातीतला करपा खालच्या पानांवर जात नाही.

खत अन फळाची विरळणी

पहिलं फूल दिसेपर्यंत वेगळं काही नको. जास्त नत्र दिलं, युरियाची मूठ टाकली, की झाड गच्च हिरवं अन फूल गायब. फुलावर आल्यावर दर पंधरा दिवसांनी जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, जे आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी देशभर पोचवलं. घरच्या मापानं वीस लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती, सावलीत दोन दिवस, रोज दोनदा ढवळायचं. एका झाडाला अर्धा ते एक लिटर, ओल असताना.

पहिल्या घोसात कधी-कधी एक मोठं जोडफूल येते, दोन-तीन फुलं एकात चिकटलेली, ते खुडून टाका, त्याचं फळ बेढब होते. मग प्रत्येक घोसात दोन, फार तर तीन फळं ठेवा, बाकी सुपारीएवढी असतानाच काढा. मन होत नाही हे मला माहीत आहे. पण पाच फळं ठेवली तर पाचही बाजारातल्यासारखी होतात, अन मग एवढा खटाटोप कशाला.

फूल धरायला मदत पाहिजे असेल तर सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान घोसाच्या देठावर बोटानं हलकी टिचकी मारा. टमाटराचा पराग हादऱ्यानं सुटते, साध्या मधमाशीला ते जमत नाही, काळे मोठे भुंगे ते काम करतात, म्हणून कुडाच्या बांबूत भोकं पाडून राहणारे भुंगे हाकलू नका.

अळी, माशी अन बाकी मंडळी

हरभऱ्याची घाटेअळी, पऱ्हाटीची हिरवी बोंडअळी अन टमाटर पोखरणारी अळी, तिन्ही एकच. म्हणजे चारी बाजूनं शेतं असताना ती येणारच. झेंडू वाफ्याभोवती लावा, पण टमाटरापेक्षा पंधरा-वीस दिवस मोठं रोप पाहिजे, तेव्हाच दोघांची फुलं एका वेळी येतात अन पतंग झेंडूवर अंडी घालते. नर पतंगाला वासानं ओढून पकडणारा कामगंध सापळा एक टांगा. घरच्या बागेत रोज सकाळी फिरून हातानं अळी वेचणं यासारखं औषध नाही, फळाला भोक दिसलं की फळासकट काढा.

निंबोळी अर्क पाच टक्के, म्हणजे निंबोळीची भरड अर्धा किलो रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यातून पिळून दहा लिटर करा, थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी पानाच्या खालून फवारा. दर आठ-दहा दिवसांनी. पिवळ्या पत्र्याला एरंडेल तेल लावून झाडाच्या उंचीवर टांगलं की पांढरी माशी चिकटते. करप्याचे गोल-गोल चट्टे खालच्या पानांवर दिसले की पानं काढून जाळा, वाफ्याजवळ ठेवू नका.

वांदरं, राघू अन खारी यांच्यावर जाळीशिवाय उपाय नाही. फळाला रंग यायच्या आत जाळी टाका, नंतर त्यांना पत्ता लागलेला असते.

फेब्रुवारीच्या मध्यापासून पश्चिमेच्या बाजूनं पन्नास टक्क्यांची हिरवी नेट उभी लावा, किंवा आधीच त्या बाजूला मक्याची ओळ घेऊन ठेवा. दुपारचं ऊन अडलं की दोन-तीन आठवडे जास्त मिळतात. याच दिवसांत आपल्याकडे अवकाळी अन गारपीट, वातावरण बिघडल्याचा मेसेज आला की रंग धरलेली सगळी फळं आधीच तोडून घरात आणा.

तोडणी

बुडाशी गुलाबी छटा आली म्हणजे फळाला झाडाकडून मिळायचं ते मिळालेलं असते, चव कमी होत नाही. देठासकट तोडून घरात टोपलीत एकाशेजारी एक, देठ खाली करून ठेवा, चार-पाच दिवसांत पिकते. उन्हात पिकवू नका, तीस अंशाच्या वर लाल रंग नीट बनत नाही, पिवळट राहते. फ्रिज नको, चव मरते. चेरोकी पर्पलचे खांदे हिरवेच राहतात, दाबून पाहा, किंचित मऊ लागलं की झालं. पहिलं फळ शिजवू नका. जाड चकत्या, मीठ, सोबत ज्वारीची भाकर.

बी धरणं

हे केल्याशिवाय काम अर्धं. मोठ्या फळाच्या वाणांत फुलाची काडी थोडी बाहेर डोकावते, शेजारच्या वाणाचा पराग लागू शकते, म्हणून फूल उमलायच्या आधी एका चांगल्या झाडाच्या घोसाला मलमलची पिशवी बांधा, रोज टिचकी मारा, फळ धरलं की पिशवी काढून धागा बांधून खूण करा. सगळ्यात मोठं फळ नाही, सगळ्यात निरोगी झाडाचं फळ निवडा. पूर्ण पिकू द्या, थोडं जास्तच. गर अन बी काचेच्या ग्लासात, चमचाभर पाणी, दोन-तीन दिवस सावलीत आंबू द्या, वर पांढरी साय येते, बियांवरचा चिकट थर सुटते. मग धुऊन तळाशी बसलेलं बी घ्या, तरंगणारं टाका. ताटलीत किंवा कागदावर सावलीत आठवडाभर वाळवा, कडक झालं पाहिजे. कोरड्या बाटलीत थोडी चाळलेली राख घालून ठेवा, वाणाचं नाव अन साल लिहा, चार-पाच वर्षं उगवते. आणि अर्धं बी दुसऱ्या एखाद्या घरात ठेवायला द्या, आपल्याकडे उंदीर लागले किंवा पाऊस घुसला तर तिथून परत मागता येते.